नकटी

‘पर्शियन’ हा शब्द आमच्या घरात आधी आला आणि मांजर त्यानंतर आठ दिवसांनी. नणंदेच्या मुलीला नोकरीसाठी बंगळूरला जायचे होते, तिथल्या घरमालकाला प्राणी चालणार नव्हते, आणि “मामी, साधं मांजर नाहीये गं, पर्शियन आहे, तुला काही त्रास होणार नाही,” असे ती फोनवर पुन्हापुन्हा सांगत होती. पर्शियन असण्याचा आणि त्रास न होण्याचा संबंध काय, हे तिला विचारायचे राहून गेले. मराठी शिकवणाऱ्या माणसाला फारसी म्हटले की प्रथम आठवतात ते शब्द. दुकान, बाजार, जमीन, कागद. हे आपल्या भाषेत येऊन इतके मुरले आहेत की त्यांचे मूळ सांगितल्यावर पहिल्या वर्षाची मुले थोड्या अविश्वासानेच बघतात. एक फारसी मांजरही तसेच येईल, चार दिवस परके वाटेल आणि मग घरचे होऊन जाईल, असे मनाशी म्हणत मी होकार दिला.

मांजर आले ते एका जाळीच्या प्लॅस्टिकच्या पेटीतून. मलईच्या रंगाचे, तांब्याच्या डोळ्यांचे, आणि उशीएवढे. उचलल्यावर लक्षात आले की या उशीत अर्ध्याहून अधिक भाग निव्वळ केसांचा आहे. आतला प्राणी चार किलोसुद्धा नाही. समोरून चेहरा गोल, किंचित रागावलेला, एखाद्या जुन्या सिनेमातल्या श्रीमंत आत्याबाईंसारखा. बाजूने बघितले तर मात्र चेहरा जवळजवळ नव्हताच. कपाळ, नाक, हनुवटी एका सरळ रेषेत, भिंतीला टेकवून ठेवावी तशी. माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून तिला नीट न्याहाळले आणि विचारले, “अगं, हिचं नाक कुठं गेलं?” मग स्वतःच उत्तर दिले, “नकटी आहे की ही.” भाचीने ठेवलेले ‘प्रिन्सेस’ हे नाव त्या क्षणी संपले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने ही म्हण तेव्हा कोणी उच्चारली नाही. ती वेळ पुढे यायची होती.

एखाद्या प्राण्याची ओळख होणे म्हणजे काय, हा प्रश्न मला त्यानंतरच्या दीड वर्षात अनेकदा पडला. साध्या मांजरांशी माझा परिचय आहे. माहेरच्या वाड्यात ती असत, त्यांना कोणी आणलेले नसे, ती कोणाची नसत, आणि त्यांच्याबद्दल वाचावे असे कोणाच्या मनात येत नसे. नकटीबद्दल मात्र वाचावे लागले, कारण तिच्या देहातल्या अनेक गोष्टी नुसत्या बघून कळत नव्हत्या. मांजर जसे वागते तसे ती वागू बघे आणि मध्येच काहीतरी आडवे येई. काय आडवे येते आहे, याचा शोध घेता घेता मी तिच्याकडून तिच्या जातीकडे, आणि जातीकडून ती जात घडवणाऱ्या माणसांकडे जाऊन पोहोचले.

सुरुवात केसांपासून झाली. संस्कृतात मांजराला ‘मार्जार’ म्हणतात आणि तो शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूपासून आला आहे. आपले ‘मांजर’ त्याचेच रूप. म्हणजे आपल्या पूर्वजांना या प्राण्यात नाव देण्याजोगी पहिली गोष्ट दिसली ती त्याचे चाटणे, स्वतःला घासूनपुसून ठेवणे. आणि ही बाई मार्जारकुळात जन्मून स्वतःला स्वच्छ ठेवू शकत नव्हती! ती चाटायला बसे, अगदी मन लावून बसे, पण जीभ त्या केसांच्या थरात कुठल्या कुठे हरवून जाई. काखेत, मानेखाली, मागच्या पायांच्या आत केसांच्या जटा होत. जट हा शब्द आपण साधूंच्या संदर्भात आदराने वापरतो. मांजराच्या काखेतली जट चामडी ओढत राहते आणि चालताना दुखते. रोज वीस मिनिटे फणी फिरवली तर जटा होत नाहीत. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी कात्री लागते. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे तपासण्याच्या दिवसांत हे काम सासूबाईंकडे गेले आणि मग त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या पिढीच्या बायकांना वेणीफणीचे तंत्र सांगावे लागत नाही: टोकाकडून सोडवत वर जायचे, मुळाशी ओढायचे नाही.

या लांब केसांचे कारण वाचले तेव्हा मी काही वेळ तशीच बसून राहिले. मांजराच्या शरीरात एक जनुक असते, ज्याचे काम केसांना ‘आता पुरे’ असे सांगणे. केस ठरावीक लांबीचे झाले की वाढीचा काळ संपतो, तो या निरोपामुळे. लांब केसांच्या मांजरात त्या जनुकात बिघाड असतो. निरोप पोहोचत नाही आणि केस वाढत राहतात. असे चार वेगवेगळे बिघाड २००७ साली संशोधकांनी नोंदवले. आईकडून आणि बापाकडून असे दोन्हीकडून बिघडलेले जनुक मिळाले तरच पिल्लू लांब केसांचे होते. म्हणजे ज्याला आपण या जातीचे वैभव म्हणतो, ती वस्तुतः कशाची तरी भर नसून थांबवणाऱ्याची अनुपस्थिती आहे. (आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, काही कादंबरीकारांचेही असेच असते. असो.)

पण लांब केस माणसाने तयार केलेले नाहीत. ते कुठेतरी डोंगराळ प्रदेशात आपोआप उपजले आणि माणसाला आवडले. आवडल्याची सगळ्यांत जुनी नोंद सापडते ती पिएत्रो देल्ला व्हाल्ले या रोमन सरदाराच्या पत्रात. हा १६१४ साली व्हेनिसहून निघाला, बगदादला त्याने मआनी नावाच्या तरुणीशी लग्न केले, आणि पुढे इराणात शाह अब्बासच्या दरबारी जाऊन पोहोचला. १६२० च्या सुमारास इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात तो खोरासान प्रांतातल्या मांजरांचे वर्णन करतो. राखी रंगाची, रेशमासारख्या तलम केसांची, खारीसारखी शेपटी पाठीवर टाकणारी. यांच्या काही जोड्या रोमला न्यायचा आपला विचार आहे, असेही तो लिहितो. आणि जाता जाता सांगून जातो की पोर्तुगीजांनी ही मांजरे इराणातून हिंदुस्थानात नेली आहेत.

त्या अर्ध्या वाक्याशी मी अडखळले. पोर्तुगीजांचे हिंदुस्थानातले मुख्य ठाणे तेव्हा गोवा. म्हणजे ज्या काळात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापून झाले होते (ती आवृत्ती १६१६ ची), साधारण त्याच काळात एखाद्या पोर्तुगीज घराच्या सज्जात एखादे खोरासानी मांजर दमट उन्हात धापा टाकत बसलेले असणे अशक्य नाही. आपल्या साहित्येतिहासात त्याला अर्थातच जागा नाही. देल्ला व्हाल्ले स्वतः १६२३ साली गोव्यात आला. त्याच्याबरोबर एक पेटी होती. मआनी १६२१ च्या अखेरीस होर्मुझजवळ वारली होती; तिचे मसाले भरून टिकवलेले शव तो त्या पेटीतून सगळीकडे नेत होता, आणि अखेर १६२७ साली रोमला आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्याने ते पुरले. मांजरांच्या जातींवरच्या पुस्तकांत या माणसाची ओळख ‘युरोपला पर्शियन मांजर दाखवणारा प्रवासी’ एवढीच उरते. ती पेटी त्या पुस्तकांत येत नाही. मला मात्र आता त्याची मांजरे त्या पेटीवाचून आठवत नाहीत.

मांजराला घराणे लाभले ते इंग्लंडात, व्हिक्टोरियाच्या काळात. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचे प्रदर्शन भरवले. आजच्या मांजर-प्रदर्शनांची परंपरा तिथून मोजतात. वेअरचा हेतू चांगला होता. गल्लीबोळांत लाथा खाणाऱ्या या प्राण्याकडे लोकांनी नीट बघावे, त्याचे सौंदर्य ओळखावे, त्याला मान द्यावा. ‘अवर कॅट्स’ हे त्याचे पुस्तक १८८९ साली आले. त्यातली चित्रे त्याचीच आहेत, आणि त्यांतल्या लांब केसांच्या मांजरांना व्यवस्थित, ठसठशीत नाक आहे. १८८७ साली मांजरप्रेमींची राष्ट्रीय संस्था निघाली, तिचा पहिला अध्यक्षही वेअरच. पण मग बक्षिसे आली, वंशावळीच्या वह्या आल्या, कोणत्या मांजराची कोणाशी गाठ घालायची याचे हिशेब आले. काही वर्षांतच वेअर त्या पदावरून बाजूला झाला. सभासदांना मांजरांपेक्षा बक्षिसांची ओढ अधिक, अशी खंत त्याने मागे ठेवली. चळवळीच्या संस्थापकानेच चळवळीला कंटाळण्याचे प्रसंग आपल्याकडच्या वाङ्मयीन संस्थांच्या इतिहासातही आहेत, तेव्हा याचे नवल वाटले नाही.

त्यानंतरची गोष्ट नाकाची आहे. प्रदर्शनात परीक्षकासमोर लेखी निकष असतो. निकषात लिहिलेले असते की नाक आखूड हवे. आता ‘आखूड’ हे विशेषण मोठे धोकादायक आहे, कारण त्याला तळ नाही. यंदाच्या विजेत्याचे नाक आखूड असेल तर पुढच्या वर्षी त्याहून आखूड नाक जिंकते. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत काही तांबूस पर्शियन मांजरांत फारच चपट्या चेहऱ्याची पिल्ले निपजली. पेकिनीज कुत्र्यावरून त्यांना नाव मिळाले, बक्षिसेही मिळाली, आणि पुढच्या काही दशकांत तो चेहराच आदर्श ठरत गेला. आज अमेरिकेतल्या प्रमुख संस्थेचा निकष सांगतो की नाकाचा खळगा दोन डोळ्यांच्या मधोमध असावा आणि बाजूने बघताना कपाळ, नाक, हनुवटी उभ्या एका रेषेत दिसावी. ब्रिटिश संस्थेने निदान एवढी मर्यादा घातली की नाकाच्या टोकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेच्या वर जाता कामा नये. मी नकटीला मांडीवर घेऊन ते मोजून बघितले. ब्रिटनमध्ये ती नापास झाली असती.

एक वाक्य कोणीतरी लिहिते, आणि पन्नास वर्षांनी ते वाक्य हाडांत उतरते. शब्दांचे सामर्थ्य वगैरे आपण वर्गात बोलतो. इतके शब्दशः सामर्थ्य मी पूर्वी पाहिले नव्हते. नकटीचा डावा डोळा सतत पाझरतो, कारण डोळ्यातले पाणी नाकात वाहून नेणारी नळी त्या चपट्या हाडांत मुरडली गेली आहे. गालावर तपकिरी ओघळ उठतो आणि सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसावा लागतो. जबडा असा की दाणे तिला दातांत धरता येत नाहीत. जिभेची खालची बाजू लावून ती एकेक दाणा आत ओढते आणि तीनांतला एक परत खाली पडतो. झोपली की घोरते. भाचीने मोबाइलवर तिच्या घोरण्याचे चित्रण करून ठेवले होते, त्यावर मित्रमैत्रिणींचे ‘किती गोड’ असे अभिप्राय होते. पुण्यातल्या एप्रिलमध्ये दुपारी ती न्हाणीघराच्या फरशीवर पसरून तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागली, तेव्हा त्या गोडव्याचा अर्थ मला लागला.

आपल्याकडच्या बाजारात या चेहऱ्यांची स्वतंत्र परिभाषा आहे. नाक थोडेफार शिल्लक असेल तर ‘डॉल फेस’, त्याहून चपटे ते ‘सेमी पंच’, आणि सगळ्यात महाग ते ‘पंच फेस’ किंवा ‘एक्स्ट्रीम पंच’. पंच म्हणजे ठोसा. तोंडावर ठोसा बसल्यासारखा चेहरा, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ, आणि तो कोणी लपवतही नाही. ठोसा जितका जोरात, तितकी किंमत अधिक. नकटी ‘सेमी पंच, विदाउट पेपर’ म्हणून विकत घेतलेली. पेपर म्हणजे वंशावळीचे प्रमाणपत्र, ज्यावर आईबाप, आजीआजोबा, पणजी-पणजोबांची नावे आणि नोंदणी क्रमांक असतात. ते नसले की मांजर स्वस्त पडते. तिच्याजवळ खरोखर फारसी म्हणता येईल असा एक ‘कागद’ हा शब्द असू शकला असता, आणि नेमका तोच नव्हता.

कारण रक्ताने ती फारसी नाहीच. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांच्या पुढाकाराने जगभरच्या मांजरांच्या जनुकीय खुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पर्शियन जातीची मांजरे पश्चिम आशियातल्या मांजरांच्या गटात न बसता पश्चिम युरोपातल्या साध्या, गल्लीतल्या मांजरांच्या जवळ जाऊन बसली. खोरासानहून आलेले रक्त, आलेच असेल तर, दीडशे वर्षांच्या संकरात पातळ होऊन गेले. उरले ते केस आणि नाव. याच जातीतल्या, सयामी मांजराचे गडद कान-पंजे घेतलेल्या पोटजातीला ‘हिमालयन’ म्हणतात. ती १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये मुद्दाम केलेल्या संकरातून पुढे आली आणि तिचे नाव आपल्या हिमालयावरून नव्हे, त्याच रंगाच्या एका सशावरून पडले. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ त्यांचे मांजर हिमालयातले असल्याने त्याला थंडी बाधत नाही असे सांगतात. मी काही बोलत नाही.

शुद्धतेविषयी मात्र बोलणे भाग आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत मराठीने फारसीला बाहेर काढण्याचे प्रयत्न वेळोवेळी केले. माधव जूलियनांचे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देते. फारसीचे प्राध्यापक, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे, म्हणजे मराठीत कोणता शब्द कुठून आला हे इतरांहून अधिक जाणणारे; आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेणारेही तेच. मुलांना यात विसंगती दिसते. मला त्यात एका अभ्यासकाची निष्ठा दिसत आली आहे आणि अजूनही दिसते. पण भाषेत शुद्धीचा आग्रह धरला तर फार तर वाक्य अवघडते, शब्द चालला नाही तर लोक तो सोडून देतात. ‘बाजार’ राहिलाच की! मांजराला आपला निकष नाकारता येत नाही. जातीचा आग्रह धरायचा म्हणजे नात्यातल्या नात्यात गाठी घालायच्या, आणि मग वंशावळीच्या वहीत न लिहिलेल्या गोष्टीही पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहतात.

हे सगळे मी अजून पुस्तकी कुतूहलाने वाचत होते, तोवर नकटीच्या लग्नाचा विषय निघाला. ज्या दुकानातून भाचीने तिला घेतले होते, तिथे मी केसांची फणी आणायला गेले. दुकानदाराने मोबाइलवरचे तिचे छायाचित्र बघितले आणि म्हणाला, “ताई, वय बरोबर आहे. आपला मेल एक्स्ट्रीम पंच आहे. मेटिंगचे पैसे नको, दोन पिल्लं आमची, बाकी तुमची. रेट चांगला येतो.” मला पैशांत रस नव्हता, पण घरी आल्यावर हे सांगितले आणि घराचे दोन तट पडले. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिने पिल्लांची नावेसुद्धा ठरवून टाकली. सासूबाई तिच्या बाजूने. “एकदा तरी होऊ दे की गं तिला. मग कर ते ऑपरेशन.” नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना मान डोलावली. मी म्हटले, निदान एकदा डॉक्टरांना दाखवू.

डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी नकटीचे पोट चाचपले, थोडे थांबले आणि म्हणाले, “मॅडम, पिल्लांचं नंतर बोलू. आधी हिच्या किडनीची सोनोग्राफी करून घेऊ.” पोटावरचे केस भादरताना ती ओरडली नाही, फक्त माझ्या मनगटाला तिने दोन्ही पंजांनी धरून ठेवले, नखे न काढता. पडद्यावर मूत्रपिंड दिसले आणि त्यात काळे गोल ठिपके, लहानमोठे, दोन्हीकडे. पाण्याने भरलेल्या गाठी. हा आजार पर्शियन मांजरांत इतका पसरलेला आहे की वेगवेगळ्या देशांत झालेल्या तपासण्यांत तो एक तृतीयांशाहून अधिक मांजरांत सापडला. त्याला कारण असलेला जनुकातला दोष २००४ साली नक्की झाला आणि गालाच्या आतून पुसून घेतलेल्या नमुन्यावरूनही आता तो ओळखता येतो. केसांच्या बाबतीत दोन्हीकडून दोष लागतो. इथे एकाकडून आलेला पुरतो. पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांना तो जाणार. गाठी जन्मापासून असतात, सावकाश वाढतात, आणि साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास, कधी आधी, कधी बरेच नंतर, मूत्रपिंड हार खाऊ लागते. त्यावर औषध नाही. पाणी भरपूर, आहार जपून, दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचे.

घरी येऊन हे कसे सांगावे, याचा विचार मी रिक्षात बसून करत होते. कारण आमच्या घराला मूत्रपिंडाच्या आजाराची भाषा शिकवावी लागत नाही. माझे सासरे त्याच विकाराने गेले. शेवटची सव्वादोन वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि तिन्ही वेळा बाकावर बसून राहणाऱ्या सासूबाई. त्यांचे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे. पण पोटॅशियम, हिमोग्लोबिन, फिस्टुला हे शब्द त्या अचूक उच्चारतात. मी बोलायला सुरुवात केली आणि ‘किडनी’ या शब्दावर त्यांचा फणीचा हात थांबला. बाकीचे त्यांनी ऐकून घेतले नाही. एवढेच विचारले:

“क्रिएटिनिन किती आलंय?”

“दीडच्या आत आहे, आई. अजून चांगलं आहे.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ फणी फिरवत राहिल्या. मग मुलीला म्हणाल्या, “पिल्लं नकोत हं.” मुलगी रडली. तिचा युक्तिवाद मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. निम्म्या पिल्लांना आजार असेल, तर निम्म्यांना नसेल; आणि ज्यांना असेल त्यांनाही सात-आठ वर्षे मिळतीलच ना? नकटीला मिळाली तशी. नकटी जन्मलीच नसती तर चालले असते का आपल्याला? आणि अखेरचा प्रश्न, “मग हिच्यासारखं दुसरं कोणी असणारच नाही?” चौदा वर्षांच्या मुलीला मी कुठल्या शब्दांत सांगणार होते की हिच्यासारखे दुसरे हवेच, या हट्टापायीच हिचे नाक गेले आणि मूत्रपिंडात गाठी आल्या? मी नुसते ‘नाही’ म्हटले. दुकानदाराला निरोप दिला. तो म्हणाला, “ताई, असं काही नसतं, डॉक्टर लोक घाबरवतात.” त्याच्याकडच्या नराची तपासणी करून घ्यावी असे मी सुचवले, तर त्याने विषय फणीच्या किमतीवर नेला.

निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेतही नाक आडवे आलेच. चपट्या चेहऱ्याच्या मांजरांना भूल देणे जोखमीचे असते; श्वासाची वाट अरुंद, घशात मऊ भाग जास्त. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया थंडीपर्यंत पुढे ढकलली. त्या सकाळी उपाशी ठेवलेली नकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होती आणि सासूबाईंनीही चहा घेतला नाही. एरवी मांजर आडवे गेले की दोन पावले मागे सरणाऱ्या त्या, तिची पेटी उचलून माझ्याआधी रिक्षात जाऊन बसल्या. दवाखान्यातल्या नोंदवहीत ‘जात’ असा रकाना होता. मी भरायच्या आत त्यांनीच सांगितले, “मांजर.” तिथल्या मुलीने हसून ‘पर्शियन’ लिहिले.

दीड तासाने ती शुद्धीवर आली. जीभ बाहेर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि तशाही अवस्थेत ती पोटाचे टाके चाटायचा प्रयत्न करत होती. मृज् धातू.

आता तिला पाच वर्षे पूर्ण झाली आहेत. उन्हाळ्यात अंगावरचे केस आखूड कापून घेतो. तसे केले की आतले मांजर दिसते, लहानसे, गुटगुटीत, आणि आश्चर्य म्हणजे चपळ. केस कापल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने दिवाणखान्यात पहिली पाल पकडली आणि ती कोणाला द्यावी या विचारात घरभर हिंडली. मुलीने तिची छायाचित्रे काढली. त्यांत ती कुठल्याच जातीची दिसत नाही. माझ्या मते ती तिची सर्वांत चांगली छायाचित्रे आहेत, पण मुलीला ती आवडत नाहीत, केस पुन्हा वाढायची ती वाट बघत असते. रक्ताचे मागचे दोन अहवाल किंचित वर सरकले आहेत. डॉक्टर म्हणतात, पाणी वाढवा.

घरात पाण्याची पाच भांडी आहेत. एक सासूबाईंच्या खाटेखाली. सासऱ्यांना दिवसाला किती पाणी द्यायचे याचे माप म्हणून एक स्टीलचा पेला असे, त्याच्या बाहेर नेलपेंटची रेघ आहे. तेव्हा त्या रेघेच्या वर एक थेंब जाऊ द्यायचा नाही, म्हणून त्या जपत. तोच पेला काढून त्या आता सकाळी नकटीची भांडी भरतात आणि रात्री उरलेले पाणी परत पेल्यात ओतून बघतात. काल रेघेपर्यंतचे पाणी संपले होते.